एकच पवित्र शास्त्र, मग शेवटच्या काळाबद्दल इतकी मतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शास्त्राभ्यासाच्या गटात एक भाऊ म्हणतात की महासंकट, म्हणजे शेवटच्या काळातला घोर छळाचा काळ, सुरू व्हायच्या आधीच मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, ख्रिस्ताकडे वर घेतली जाईल. दुसरे भाऊ म्हणतात, नाही, मंडळीला त्या संकटातून जावंच लागेल. एका ताईंचं म्हणणं आहे की मत्तय 24 मधलं बरंचसं इ.स. 70 मध्ये, यरुशलेमेचा नाश झाला तेव्हाच, घडून गेलं. तिघंही ‘आम्ही वचन जसं आहे तसं घेतो’ असं ठामपणे सांगतात. मग शास्त्र शब्दशः घेणारं नेमकं कोण? आणि गटात फूट पडायची वेळ आली आहे, तर काय करावं?

हा विषय मी बरीच वर्षं मंडळ्यांमध्ये आणि शास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. यावरून चांगली, प्रार्थनाशील माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या तिघांपैकी कोणीही शास्त्राला कमी मानत नाही. ‘शब्दशः मानणारे’ विरुद्ध ‘रूपक करून सोडून देणारे’ असा हा वाद मांडला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातली हजार वर्षं मोजून हजार धरणारा माणूस सैतानाला बांधणारा साखळदंड लोखंडाचा होता असं म्हणत नाही. ‘ही पिढी नाहीशी होणार नाही’ हे प्रभूचं वाक्य सरळ अर्थाने घेणारी व्यक्ती त्याच अध्यायातले आकाशातून पडणारे तारे सरळ अर्थाने घेत नाही. प्रत्येक जण काही शब्द सरळ घेतो, काही चिन्ह म्हणून घेतो. खरा मतभेद आहे तो कोणता उतारा पाया धरायचा आणि कोणता त्याच्या उजेडात वाचायचा याबद्दल. म्हणून कुठल्याही शिक्षकाची मांडणी समजून घ्यायची असेल तर मी आधी एवढंच विचारतो: तुम्ही सुरुवात कुठून करता? दानीएल 9 पासून, मत्तय 24 पासून, प्रकटीकरण 20 पासून, की पौलाच्या पत्रांपासून? याचं उत्तर मिळालं की पुढची निम्मी मांडणी आपोआप कळते.

तिघांनाही मान्य असलेला भाग मोठा आहे, तो आधी नोंदवून ठेवतो. निकेयाचा विश्वासांगीकार इ.स. 381 च्या रूपात आपण आजही म्हणतो. त्यात ख्रिस्त गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नाही, आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल, एवढं स्पष्ट आहे. हजार वर्षांच्या राज्याचं वेळापत्रक त्यात नाही. ज्या पिढ्यांनी ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल एकेका शब्दावर वाद घातला, त्यांनी युगान्ताच्या क्रमावर कोणाला मंडळीबाहेर काढायची गरज पाहिली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता पहिल्या भावांकडे येऊ. महासंकट सात वर्षांचं असेल हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते प्रकटीकरणात लिहिलेलं आहे असंच वाटतं. शोधून पाहा. प्रकटीकरणात बेचाळीस महिने आहेत, एक हजार दोनशे साठ दिवस आहेत, साडेतीन काळ आहेत. संकटाची सात वर्षं कुठेच नाहीत. ती येतात दानीएल 9:24-27 मधून. तिथे सत्तर सप्तकं सांगितली आहेत. एक सप्तक सात वर्षांचं धरलं तर एकूण 490 वर्षं. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघाल्यापासून अभिषिक्तापर्यंत सात आणि बासष्ट, म्हणजे 69 सप्तकं, 483 वर्षं. मग अभिषिक्ताचा वध होतो, येणाऱ्या अधिपतीचे लोक नगर आणि पवित्रस्थान उद्ध्वस्त करतात. आणि सत्ताविसाव्या वचनात ‘तो’ पुष्कळांशी एका सप्तकाचा करार करतो व अर्ध्या सप्तकात यज्ञ बंद पाडतो.

सगळं घोडं या ‘तो’ वर अडतं. डिस्पेन्सेशनल मताचे, म्हणजे देवाच्या योजनेत वेगवेगळी युगं मानणारे शिक्षक म्हणतात, जवळचा उल्लेख येणाऱ्या अधिपतीचा आहे, म्हणून ‘तो’ म्हणजे ख्रिस्तविरोधक. एकोणसत्तराव्या सप्तकानंतर देवाचं घड्याळ इस्राएलसाठी थांबलं, मधल्या काळात मंडळीचं युग आलं, आणि मंडळी वर घेतली गेली की शेवटचं सप्तक सुरू होईल. मंडळी आणि इस्राएल या देवाच्या योजनेतल्या दोन वेगळ्या रांगा आहेत हा या मांडणीचा कणा आहे, आणि महासंकटापूर्वीचं उचललं जाणं त्याच कण्यावर उभं आहे. दुसरे कित्येक शिक्षक म्हणतात, ‘तो’ म्हणजे अभिषिक्तच. करार म्हणजे नवा करार, यज्ञ बंद पडले ते वधस्तंभामुळे, आणि 69 व 70 यांच्यामध्ये पोकळी धरायला वचनात आधार नाही. तिसरा एक गट इ.स.पू. 167 मध्ये मंदिर भ्रष्ट करून नित्याचे यज्ञ बंद पाडणाऱ्या अंतियोख एपिफानेस या ग्रीक राजाकडे बोट दाखवतो.

आज्ञा कोणती हेही एकमताने ठरलेलं नाही. एज्रा 7 मधली अर्तहशश्त राजाची आज्ञा इ.स.पू. 457 ची धरली तर 483 वर्षं सरळ मोजून इ.स. 27 येतं, येशूच्या सेवेच्या आरंभाच्या आसपास. नहेम्या 2 मधली इ.स.पू. 445 किंवा 444 ची धरली तर साध्या वर्षांनी हिशेब पुढे सरकतो, म्हणून रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी 360 दिवसांचं वर्ष धरून 1,73,880 दिवस मोजले. गणित हुशारीचं आहे. पण चार वचनांवर एवढा मजला चढवताना आपण काय काय गृहीत धरलं, हे शिकणाऱ्यांना सांगायला हवं. बहुतेक वेळा ते सांगितलं जात नाही.

ही मांडणी आजच्या स्वरूपात जॉन नेल्सन डार्बी यांनी 1830 च्या दशकापासून उभी केली. ती घरोघरी गेली 1909 मध्ये निघालेल्या स्कोफिल्ड टीपांसहित बायबलमुळे. वचन वर, टीप त्याच पानावर खाली. दोन-तीन पिढ्यांचे वाचक त्यावर वाढले, आणि वरचं कुठे संपतं व खालचं कुठे सुरू होतं हे अनेकांच्या मनात पुसट झालं. मत उशिरा आलं म्हणून खोटं ठरत नाही, हेही खरं. सुधारणेच्या चळवळीबद्दल रोमन कॅथलिक विद्वान असाच आक्षेप घेत होते. या मताची ताकद ओळखा: देवाने अब्राहामाला, दाविदाला, इस्राएलाला दिलेली वचनं तो हवेत विरू देत नाही, हा त्यांचा आग्रह आहे आणि रोमकरांस 11 त्यांच्या बाजूने बोलतं. ‘सर्व इस्राएलाचं तारण होईल’ या वाक्याला बगल देणारं उत्तर मला कधीच पटलेलं नाही.

पण मग जुन्या करारातल्या वचनांची पूर्तता नवा करार स्वतः कशी सांगतो? इथे एक जागा मी दर वेळी वर्गात उघडायला लावतो. आमोस 9:11-12 मध्ये दाविदाचा पडलेला मंडप पुन्हा उभारला जाईल असं म्हटलं आहे. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत बैठक बसली आहे, विषय आहे परराष्ट्रीयांनी सुंता करून घ्यावी की नाही. याकोब उभा राहतो आणि आमोसाचं हेच वचन वाचून म्हणतो की परराष्ट्रीय लोक देवाकडे वळत आहेत हे संदेष्ट्यांच्या बोलण्याशी जुळतं. मंडप उभा राहिला की नाही? एका बाजूचे वाचक म्हणतात, राहिला. दाविदाचा पुत्र सिंहासनावर बसला आहे आणि राष्ट्रं आत येत आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, याकोब ‘जुळतं’ म्हणाला, ‘पूर्ण झालं’ म्हणाला नाही. राज्य अजून यायचं आहे. दोन्ही बाजू तीच वाक्यं वाचत आहेत. फरक एवढाच की एकीला प्रेषित जुन्या कराराचा अर्थ उलगडून दाखवताना दिसतात, दुसरीला ते जुन्या कराराच्या अर्थात भर घालताना दिसतात आणि मूळ अर्थ तसाच शिल्लक आहे असं ती मानते.

याची सगळ्यात अवघड परीक्षा यहेज्केल 40 ते 48 मध्ये होते. मंदिराची मापं, वेदी, याजक, पापार्पणाचे पशू, सगळं बारकाईने दिलेलं. सरळ वाचायचं तर पुढे कधीतरी असं मंदिर उभं राहील आणि त्यात यज्ञ होतील. पण इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो की ख्रिस्ताचं एकदाच झालेलं अर्पण पुरेसं आहे, आता पापासाठी अर्पण उरलेलं नाही. डिस्पेन्सेशनल शिक्षकांपैकी बरेच जण म्हणतात की ते यज्ञ स्मरणार्थ असतील, जशी प्रभुभोजनाची विधी. मात्र यहेज्केल त्यांना प्रायश्चित्तासाठीचे म्हणतो. म्हणजे शब्दशः वाचनाचा आग्रह धरणाऱ्यांनाही इथे शब्दांपासून थोडं सरकावं लागतं. हा टोमणा म्हणून लिहीत नाही. कोणतीही पद्धत अशा जागी ताणली जातेच, आणि प्रामाणिक शिक्षक ती जागा लपवत नाही.

आता प्रकटीकरण 20. हजार वर्षांच्या या काळाचा उल्लेख संपूर्ण शास्त्रात याच एका अध्यायात येतो, वचन 2 ते 7 मध्ये, सहा वेळा. दुसऱ्या शतकात पापियास, जस्टिन मार्टिर, इरेनियस यांनी ती पृथ्वीवरच्या खऱ्याखुऱ्या राज्याची वर्षं मानली. ख्रिस्त आधी येईल, मग राज्य. यालाच प्रीमिलेनियल मत म्हणतात. पण जस्टिन स्वतःच कबूल करतो की शुद्ध विश्वासाचे आणि भक्तिमान असे पुष्कळ ख्रिस्ती वेगळं मानतात. इतक्या सुरुवातीच्या काळातला हा उदारपणा मला फार मोलाचा वाटतो. आणखी एक: या जुन्या शिक्षकांची अपेक्षा अशी होती की मंडळी ख्रिस्तविरोधकाच्या छळातून जाईल. म्हणजे तुमच्या गटातले दुसरे भाऊ या बाबतीत त्यांच्या जवळ आहेत.

मग ऑगस्टीन आला. ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात तो सांगतो की मीही पूर्वी हजार वर्षांच्या राज्याचं मत धरत होतो. ते त्याने का सोडलं याची कारणं वाचण्यासारखी आहेत, कारण ती शास्त्रातूनच आलेली आहेत. सैतानाला बांधणं म्हणजे काय, हे त्याने मार्क 3:27 वरून घेतलं: बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही, आणि येशूने ते आपल्या सेवेत केलं. ‘पहिलं पुनरुत्थान’ त्याने योहान 5 वरून वाचलं, जिथे प्रभू आधी म्हणतो की मेलेले देवाच्या पुत्राची वाणी ऐकतील ती घटका आत्ताच आली आहे, आणि दोन-तीन वचनांनंतर म्हणतो की कबरांमधले सर्व बाहेर येतील ती घटका येणार आहे. एक आता, आत्मिक. एक पुढे, शारीरिक. या वाचनात हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या व दुसऱ्या येण्यामधला मंडळीचा काळ. एमिलेनियल मत ते हेच. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन आणि बऱ्याच रिफॉर्म्ड मंडळ्यांत शतकानुशतकं याच वळणाचं शिक्षण चालत आलं आहे. 1530 च्या आउग्सबुर्ग मतांगीकाराने पुनरुत्थानापूर्वी भक्तांचं जगावर राज्य येईल ही कल्पना नाकारली, आणि 1992 च्या कॅथलिक शिक्षणग्रंथानेही हजार वर्षांच्या ऐहिक राज्याची अपेक्षा नाकारली आहे. बायझंटाइन परंपरेच्या उपासनेतल्या नेमून दिलेल्या पाठांत तर प्रकटीकरण वाचलंच जात नाही.

एमिलेनियल शिक्षकांचा आणखी एक मुद्दा दुर्लक्षिला जातो. प्रकटीकरणातले अध्याय एकामागून एक घडणाऱ्या घटना सांगतात, की तोच शेवट वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा दाखवतात? एकोणिसाव्या अध्यायात पक्ष्यांना राजांचं मांस खायला बोलावलं जातं. हे चित्र यहेज्केल 39 मधलं, गोगाच्या पराभवाचं. विसाव्या अध्यायात हजार वर्षांनंतर पुन्हा गोग आणि मागोग येतात. तीच लढाई दोनदा दाखवली आहे, असं ते म्हणतात. प्रीमिलेनियल बाजूचा प्रतिप्रश्नही तितकाच वजनदार आहे: वचन 4 मध्ये शिरच्छेद झालेले लोक जिवंत झाले आणि वचन 5 मध्ये बाकीचे मेलेले हजार वर्षं संपेपर्यंत जिवंत झाले नाहीत. दुसरं जिवंत होणं शारीरिक धरायचं तर त्याला लागून असलेलं पहिलं निव्वळ आत्मिक कसं धरायचं?

पोस्टमिलेनियल मताबद्दल थोडक्यात. सुवार्तेमुळे राष्ट्रं हळूहळू ख्रिस्ताच्या अधीन होतील आणि त्या दीर्घ सुवर्णकाळानंतर तो येईल, असं हे मत. मोहरीच्या दाण्याचा व खमिराचा दाखला त्यांचा आधार. अठराव्या शतकात जोनाथन एडवर्ड्स यांनी हे धरलं होतं आणि एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी कामाला त्याने मोठा जोर दिला. 1914 च्या महायुद्धानंतर या आशेला ओहोटी लागली. आज हे मत धरणारे थोडे आहेत, पण आहेत.

तुमच्या ताईंचं मत ऐकून गटात बहुतेक धक्का बसला असेल, कारण ते उपदेशांत क्वचित ऐकू येतं. त्यांची बाजू नीट मांडतो. मत्तय 24 ची सुरुवात मंदिरापासून होते. येशू म्हणतो, इथला चिऱ्यावर चिरा राहणार नाही. शिष्य विचारतात, हे केव्हा होईल? लूक 21:20 मध्ये उत्तर अगदी उघड आहे: यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल तेव्हा तिच्या ओसाडीची वेळ आली असं समजा. इ.स. 70 मध्ये रोमी सेनापती तीताच्या सैन्याने नेमकं हेच केलं. युसेबियस लिहितो की यरुशलेमेतली मंडळी त्याआधीच पेल्ला गावी निघून गेली होती. आणि ‘ही सर्व होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही’ हे वचन आहेच.

‘पण सूर्य कुठे काळा पडला?’ हा पहिला आक्षेप येतो. इथे यशया 13 उघडा. दहाव्या वचनात तारे प्रकाश देत नाहीत, सूर्य उगवताच काळवंडतो, चंद्र प्रकाशत नाही. अध्यायाचा मथळा बाबेलविषयीचा आहे आणि सतराव्या वचनात बाबेलवर चालून येणाऱ्या मेदी लोकांचं नावही दिलं आहे. बाबेल पडली, सूर्य जागेवर राहिला. यशया 19:1 मध्ये परमेश्वर वेगवान मेघावर बसून मिसर देशात येतो. तो न्याय सैन्यांच्या आणि राजांच्या हातून आला. संदेष्टे साम्राज्याच्या पतनाची भाषा अशीच बोलतात. तेव्हा ही ताई शब्दांशी खेळत नाही, ती संदेष्ट्यांचीच भाषा त्यांच्याच रीतीने वाचते आहे. हे ज्याने एकदा यशयात पाहिलं त्याला मत्तय 24 किंवा त्याला समांतर असलेला मार्क 13 पूर्वीसारखा वाचता येत नाही.

मर्यादाही सांगतो. कर्ण्याच्या मोठ्या नादाने चारी दिशांकडून निवडलेल्यांना गोळा करणं आणि लगेच पुढच्या अध्यायातला सर्व राष्ट्रांचा न्याय, हे सगळं इ.स. 70 मध्ये बसवायला फार ओढाताण करावी लागते. म्हणून बहुतेक प्रीटेरिस्ट, म्हणजे ही भाकितं बहुतांशी होऊन गेली असं मानणारे, शिक्षक यरुशलेमेचा नाश झालेला मानूनही ख्रिस्ताच्या शेवटच्या येण्याची वाट पाहतात. जे म्हणतात की पुनरुत्थानसुद्धा होऊन गेलं, आता पुढे काही व्हायचं नाही, ते मात्र विश्वासांगीकाराबाहेर जातात. 2 तीमथ्य 2:17-18 मध्ये पौल हुमनाय व फिलेत यांच्याबद्दल नेमकं हेच लिहितो. ताई पहिल्या प्रकारच्या असतील तर त्यांना गटात मानाने जागा द्या.

मला स्वतःला असं वाटतं की संदेष्टे दूरच्या डोंगररांगा पाहणाऱ्यासारखे बोलतात. दोन शिखरं एकावर एक दिसतात, मधली दरी दिसत नाही. दानीएलातला ओसाडी आणणारा अमंगळ पदार्थ अंतियोखाच्या काळात दिसला, तरी येशू त्याबद्दल अजून येणारी गोष्ट म्हणून बोलतो. एकदा पूर्ण झालेलं वचन पुन्हा आणखी मोठ्या मापाने पूर्ण होऊ शकतं, याचा दाखला स्वतः प्रभूनेच दिला आहे.

प्रकटीकरण 13 मधल्या श्वापदाच्या संख्येबद्दल, म्हणजे 666 बद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण गटात ते निघणारच. नीरो कैसर हे नाव इब्री अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराचं मूल्य मांडलं तर 50, 200, 6, 50, मग 100, 60, 200, बेरीज 666. काही जुन्या हस्तलिखितांत संख्या 616 आहे. लॅटिन धाटणीने त्या नावातलं शेवटचं 50 चं अक्षर गळतं आणि बरोबर 616 उरतात. म्हणून पहिल्या शतकातल्या छळ करणाऱ्या सम्राटाकडे इशारा आहे असं मानायला चांगला आधार आहे. इरेनियसला 616 माहीत होतं, त्याने ते नाकारलं, स्वतः दोन-तीन नावं सुचवली आणि मग लिहिलं की नाव आत्ताच कळणं गरजेचं असतं तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच ते सांगितलं असतं. हे दर्शन रोमी सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ.स. 96 च्या थोडं आधी दिसलं, असंही तो सांगतो. अठराशे वर्षांपूर्वीचा हा संयम आज प्रत्येक नव्या तंत्रज्ञानावर, प्रत्येक नव्या पुढाऱ्यावर 666 चा शिक्का मारणाऱ्यांनी शिकावा. यामुळे साध्या विश्वासणाऱ्यांच्या मनात निष्कारण भीती बसते, आणि ती काढायला वर्षं लागतात.

तारखांचंही तसंच. गणना 14:34 आणि यहेज्केल 4:6 वरून एक दिवस म्हणजे एक वर्ष हा नियम घेऊन प्रकटीकरण म्हणजे मंडळीचा सलग इतिहास आहे असं वाचण्याची एक मोठी प्रॉटेस्टंट परंपरा होती. 1646 च्या वेस्टमिन्स्टर मतांगीकारात पोपला ख्रिस्तविरोधक म्हटलं गेलं ते याच वाचनातून. आयझॅक न्यूटनने दानीएल आणि प्रकटीकरणावर असंच लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1733 मध्ये छापलं गेलं. (प्रकटीकरण पूर्णपणे भविष्यातलं मानणारं वाचन रिबेरा या जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक संघाच्या धर्मगुरूने, आणि ते बहुतांशी होऊन गेलेलं मानणारं वाचन आल्काझार या जेझुइटाने याच प्रॉटेस्टंट आरोपाच्या काळात मांडलं. आज दोन्ही वाचनं प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नांदतात!) विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने एक दिवस म्हणजे एक वर्ष हाच नियम दानीएल 8:14 च्या 2300 दिवसांना लावला. सुरुवात इ.स.पू. 457, तेच अर्तहशश्ताचं साल. हिशेब 1844 वर आला आणि त्याच्या चळवळीत 22 ऑक्टोबर ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नाही. 2011 मध्ये अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे सांगितली, मग 21 ऑक्टोबर; अनुयायांनी आयुष्यभराची बचत जाहिरातींवर घातली. पुढच्या वर्षी त्यांनी तारीख सांगणं पाप होतं असं जाहीरपणे कबूल केलं. मार्क 13:32 मध्ये पुत्रालाही ठाऊक नाही असं प्रभू म्हणतो. जे त्याने सांगितलं नाही ते सांगण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही, मग त्याचं शास्त्रज्ञान कितीही असो.

आता मुळावर येतो: मंडळी आधी उचलली जाईल का? 1 थेस्सलनीकाकरांस 4:13-18 हा उतारा मुळात शोक करणाऱ्यांसाठी लिहिला आहे. आपले मेलेले बंधुभगिनी मागे राहणार का, या त्यांच्या दुःखाला पौल उत्तर देतो: ते आधी उठतील, मग आपण त्यांच्यासह मेघारूढ होऊन प्रभूला सामोरे जाऊ. सामोरं जाऊन पुढे कुठे, स्वर्गात सात वर्षं की त्याच्याबरोबर पुन्हा पृथ्वीवर, हे पौल इथे लिहीत नाही. कृत्ये 28:15 मध्ये रोममधले बंधू पौलाला सामोरे येतात आणि त्याच्यासह रोमला परततात. मत्तय 25 मधल्या कुमारीही वराला सामोऱ्या जाऊन त्याच्याबरोबर आत येतात. हे चित्र मला अधिक जुळणारं वाटतं. महासंकटाआधीच्या मताचे शिक्षक प्रकटीकरण 3:10 दाखवतात, परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन. त्याच योहानाच्या शुभवर्तमानात, 17:15 मध्ये, प्रभू प्रार्थना करतो की तू त्यांना जगातून काढून घ्यावंस असं नाही, तर वाइटापासून राखावंस. राखणं म्हणजे बाहेर काढणंच असं धरता येत नाही. 1 थेस्सलनीकाकरांस 5:9, देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही, हा त्यांचा अधिक बळकट मुद्दा आहे. पण देवाचा क्रोध आणि जगाचा छळ या शास्त्रात वेगळ्या गोष्टी आहेत, आणि छळाचं वचन तर प्रभूने शिष्यांना स्वतःच दिलं आहे.

तेव्हा माझा कल सांगतो, लपवत नाही. ख्रिस्त एकदाच, उघडपणे येईल, मंडळी तोपर्यंत संकटातून जाईल, आणि प्रकटीकरण 20 मधलं जिवंत होणं शारीरिक आहे, असं मी मानतो. म्हणजे दुसऱ्या शतकातल्या प्रीमिलेनियल शिक्षकांच्या जवळ. यात मला सुटत नसलेली गाठही आहे. 2 पेत्र 3:10 मध्ये प्रभूचा दिवस आणि आकाश-पृथ्वीचं विरघळणं एकत्र येतं, मधे हजार वर्षांना जागा दिसत नाही. आणि ख्रिस्त गौरवाने राज्य करत असताना सैतान राष्ट्रांना पुन्हा फसवतो कसा, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एमिलेनियल मित्र हे दोन्ही प्रश्न विचारतात आणि मी मान्य करतो की त्यांची बाजू इथे भक्कम आहे. महासंकटाआधी गुप्तपणे उचललं जाण्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: ते सरळ शिकवणारा एकही उतारा मला सापडलेला नाही, ते अनेक उतारे जोडून काढलेलं अनुमान आहे. अनुमान चूकच असेल असं नाही, पण अनुमानावर कोणाचा विश्वास मोजू नये.

गटाबद्दल. पुढचे दोन महिने प्रकटीकरण बाजूला ठेवा. आधी यशया 13, मग दानीएल 7 आणि 9, मग मार्क 13, मग थेस्सलनीकाकरांसची दोन्ही पत्रं, एवढंच वाचा. प्रत्येक बैठकीत एक नियम ठेवा: आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचा सगळ्यात भक्कम उतारा कोणता हे आपण सांगायचं, आणि समोरच्याने ‘हो, हेच माझं म्हणणं आहे’ असं म्हटल्यावरच पुढे जायचं. पहिल्या भावांना आमोस 9 आणि कृत्ये 15 समजावून सांगू द्या, दुसऱ्यांना 1 थेस्सलनीकाकरांस 5:9, ताईंना मत्तय 24:31. प्रत्येकाला आपल्यासाठी अवघड असलेली जागा द्यायची.

मग प्रकटीकरण घ्या, आणि पहिल्या दिवशी चर्चा न करता एकाने मोठ्याने पूर्ण वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. सव्वा-दीड तासात होतं. 1:3 मध्ये आशीर्वाद वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकून पाळणाऱ्यांना आहे, आणि आशियातल्या ज्या सात मंडळ्यांना हे लिहिलं गेलं त्यांनी ते असंच ऐकलं होतं. ऐकताना हे आपल्या काळाच्या बातम्यांशी कुठे जुळतं ते शोधू नका. स्मुर्णा आणि पर्गम इथल्या विश्वासणाऱ्यांना यातून काय बळ मिळालं असेल ते विचारा. तिथून पुढे एका बैठकीत एक-दोन अध्याय घेतले तरी पुरे.

आणि गटात कोणी म्हणालं की माझ्या मताशी सहमत नाही तो तारलेला नाही, तर त्या व्यक्तीशी गटप्रमुखाने एकांतात बोलावं, सगळ्यांसमोर नाही. तिच्यासमोर विश्वासांगीकार ठेवा आणि विचारा, यातलं नेमकं काय समोरच्याने नाकारलं आहे?